योझगातचं पातेलं

आमच्या घरात एक पातेलं आहे, जे आमचं नाही. अॅल्युमिनियमचं, जाड बुडाचं, दोन्ही कान जरा वाकडे. झाकण त्याला कधी नव्हतंच. ते आलं तेव्हा वर एक बशी पालथी घालून फडक्यानं गाठ मारलेली होती. अकरा वर्षांत आम्ही तीन घरं बदलली. दर वेळी मी ते आधी कागदात गुंडाळलं आणि नव्या घरात सगळ्यात वरच्या फळीवर, सहज हात पोचणार नाही असं ठेवून दिलं. त्यात कधी दूध तापवलं नाही, भात लावला नाही.

परवा ईरा स्टुलावर चढून ते खाली घेऊन आली. ईरा माझी लेक, नऊ वर्षांची. शाळेत न्यायला तिला पिवळी पानं गोळा करायची होती आणि भांडं मोठं हवं होतं.

"हे कुणाचं आहे?" तिनं विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र डच.

"एका बाईंचं."

"मग परत का नाही दिलंस?"

इथे वाढलेली मुलं प्रश्न सरळ विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत समोरून हलत नाहीत. मी म्हटलं, शनिवारी देणार आहे. तेवढ्यासाठी मला जावं लागलं. नाहीतर गेले नसते, हे मी कबूल करते.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाची घड्याळं एक तास मागे जाणार होती. या आठवड्यात मी दरवर्षी फारसं बोलत नाही. नितीनला, माझ्या नवऱ्याला, ते माहीत आहे. तो कारण विचारत नाही, टीव्हीचा आवाज तेवढा कमी करतो.

रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही आमच्या सोलापूरच्या घरातली शिस्त. काय घालून न्यावं यात सकाळ गेली. एक पदार्थ सोडून काहीही चाललं असतं. शेवटी शेंगाची चटणी कुटली, कारण ती पातेलं देणाऱ्या बाईला आवडायची. पातेलं मांडीवर घेऊन रायस्वाइकहून, हेगला लागून असलेल्या आमच्या गावातून, ट्रॅमनं निघाले. समोरच्या सीटवरचे आजोबा पातेल्याकडे आणि मग माझ्याकडे बघून हसले. मला हसता आलं नाही.

मी पहिल्यांदा त्या गल्लीत गेले तेव्हा मला या देशात येऊन दोन महिने झाले होते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, सोलापुरात शाळेत भूगोल शिकवणारी मी, इथे दिवसभर खिडकीतून सायकली मोजत बसायची. हेगच्या मोठ्या बाजारात कोथिंबीर शोधताना पाय मागच्या गल्लीत वळले आणि एका खानावळीच्या काचेमागे मला कडक भाकऱ्यांची चळत दिसली. अगदी आमच्यासारखी, पातळ, वाळलेली, हातभर उंच. मी काचेला नाक लावून उभी राहिले. आतून एक ठेंगणी, जाडजूड बाई एप्रनला हात पुसत बाहेर आली आणि मला दंडाला धरून आत घेऊन गेली.

त्या भाकऱ्या ज्वारीच्या नव्हत्या, गव्हाच्या होत्या. त्यांना युफ्का म्हणतात. हिवाळ्याआधी भाजून, वाळवून ठेवतात आणि जेवायच्या आधी पाण्याचा हबका मारून फडक्यात गुंडाळतात, म्हणजे मऊ होतात. हे सगळं तिनं मला हातवारे करून सांगितलं. आम्हा दोघींचं डच एकत्र केलं असतं तरी एकीलाही पुरलं नसतं. तिचं नाव गुलसुम. सगळे तिला आबला म्हणत. आबला म्हणजे त्यांच्याकडे मोठी बहीण. आमच्याकडे तसाच ऐकू येणारा जो शब्द आहे, तसं तिच्यात काही नव्हतं. पंचवीस किलोचं कांद्याचं पोतं ती एकटी उचलायची.

खानावळीच्या भिंतीवर तुर्कस्तानचा नकाशा होता, शाळेत असतो तसा, कापडावर छापलेला. भूगोलाच्या बाईला आणखी काय हवं? मी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. आबलानं मधोमध एका जागी पिठाचं बोट टेकवलं. "योझगात," ती म्हणाली आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. मी इकडेतिकडे पाहिलं. भारताचा नकाशा नव्हता. मी नकाशाच्या उजवीकडे, भिंतीवरच, दोन हात लांब बोट ठेवलं. "सोलापूर." त्या जागी पिठाचा ठिपका नंतर कितीतरी दिवस होता, तिनं तो पुसला नाही.

मग दर शनिवारी एक प्रांत. दुपारची गर्दी ओसरली की आबला एप्रन काढायची, डोक्याचा रुमाल नीट करायची आणि मला घेऊन निघायची. तिच्या हिशेबी हेग हे डच लोकांचं शहर नव्हतंच. हा कोपरा काइसेरीचा, ती बेकरी काळ्या समुद्रावरच्या लोकांची, त्या जिन्यावर अँतेपवाले. काइसेरीच्या एका म्हातारीकडे आम्ही दुसऱ्या मजल्यावर चढून जायचो. ती खिमा भरलेले नखाएवढे मांती वळायची. एका चमच्यात चाळीस मावले पाहिजेत, नाहीतर सून म्हणून नापास. त्यावर लसणीचं दही आणि तापलेल्या लोण्यात लाल मिरची. काळ्या समुद्रावरच्या बेकरीत मक्याचं पीठ लोण्यात शिजवून त्यात चीज घालत. घास उचलला की तारा हातभर लांब निघत, त्या तोडता तोडता आम्ही दोघी हसून दमायचो. वसंतात तिला बाजारात कुणीतरी मदिमाक नावाची रानभाजी आणून द्यायचं. ती निवडताना ती बोलायची नाही. आमच्याकडे तांदुळजा निवडताना आई अशीच गप्प व्हायची.

त्या वासांनी मला इथे धरून ठेवलं. सुमाक मसाल्याचा आंबूस वास, ओल्या युफ्काचा वास, चहाच्या दुहेरी किटलीतून येणारी कडवट वाफ. घरी परतल्यावर मी ओढणी धुवायची नाही.

थंडीत तिनं आराबाशी केली. तिच्या गावचा पदार्थ. पिठाची खीर घट्ट शिजवून परातीत थापतात, थंड करून शंकरपाळ्यांसारखी कापतात. मध्ये झणझणीत कोंबडीच्या रश्श्याचं भांडं. चमच्यात पिठाचा तुकडा घ्यायचा, रश्श्यात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. चावणारा अडाणी. आणि ज्याचा तुकडा चमच्यातून सुटून रश्श्यात पडेल, पुढच्या थंडीत आराबाशी त्याच्या घरी. दहा जण परातीभोवती बसलो होतो, नितीनलाही मी ओढून नेलं होतं. माझा तुकडा पहिल्याच फेरीत पडला. काय तो आरडाओरडा! आबलाची चौदा वर्षांची मुलगी एलिफ टेबल बडवत होती.

"कझम," आबला म्हणाली. माझ्या मुली, असा त्याचा अर्थ. "आता बारी तुझी. पुढच्या थंडीत आम्ही सगळे तुझ्या घरी."

"या," मी म्हटलं. "सगळे या."

त्या उन्हाळ्यात मला दिवस गेले. तिसरा महिना लागला तेव्हा आईला फोनवर सांगितलं आणि मग आबलाला सांगायचं होतं. सांगायचं कसं? माझ्या डचमध्ये तो आनंद मावला नसता. आमच्याकडे अशा वेळी शब्दांची गरज पडत नाही. मुलगी पास झाली, पाहुणे आले, पूजा झाली, घरात पाळणा हलणार असला, की शिरा होतो. मी साजूक तुपात रवा खमंग भाजला, दूध, साखर, केशर, सढळ हातानं वेलची. बदाम नव्हते म्हणून तिनंच दिलेल्या चिलगोज्यासारख्या बिया वरून पेरल्या. गरम डबा टॉवेलमध्ये गुंडाळून ट्रॅममध्ये बसले. रस्ताभर मला हसू आवरत नव्हतं.

ती नकाशाखाली बसून कोबी चिरत होती. मी डबा तिच्यापुढे ठेवला आणि झाकण काढलं. तिनं आत पाहिलं. सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा असा उतरला की मी मागे वळून बघितलं, कुणी आलं आहे का. मग तिनं छातीवर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं,

"वी इस एर डोट?"

कोण गेलं?

मला वाटलं, माझ्याच डचमध्ये काहीतरी घोळ आहे. मी नाही नाही म्हणत हात हलवले, पोटावर हात ठेवला, "बेबी, आबला, बेबी!" ती ताडकन उठली. दृष्ट लागू नये म्हणून कानाची पाळी ओढली, लाकडावर तीनदा बोटं आपटली, मला घट्ट मिठी मारली आणि पुन्हा पुन्हा स्वतःच्या तोंडावर चापट्या मारू लागली. मग एलिफनं समजावून सांगितलं. त्यांच्याकडे माणूस गेलं की घरात रव्याचा हलवा भाजतात. शेजारणी येतात, एकेक जण आळीपाळीनं ढवळते, ढवळताना मनात प्रार्थना म्हणते. लोण्यात भाजलेल्या रव्याचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो म्हणे. घरून कुणी रव्याचा हलवा करून आणला, की आणखी काय विचारणार?

आम्ही खूप हसलो. आबलानं एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले. "ह्यात काहीतरी वेगळं आहे," ती म्हणाली. मी वेलचीचा दाणा फोडून दाखवला. ती हुंगत राहिली. "आमच्यात हे नसतं. म्हणजे हा तो हलवा नाही. हा बाळाचा." स्वतःची समजूत घातल्यासारखं ती दोनदा म्हणाली, "हा बाळाचा."

मी हसत होते, पण माझ्या मनात पाल चुकचुकली होती. ती तेव्हाच हाकलली असती तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, पाचवा महिना सरता सरता, ते झालं. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. खिडकीबाहेर पाऊस होता, खोलीत कुणीतरी ठेवलेली एक छोटी विणलेली टोपी होती, आणि घड्याळ होतं. नर्सनं अगदी मायेनं विचारलं, नाव काय लिहू? नितीननं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. रकाना रिकामा राहिला. मुलगा होता. पहाटे भिंतीवरचं घड्याळ कुणीतरी एक तास मागे केलं, आणि तो एक तास मला पुन्हा काढावा लागला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणाचीही चूक नाही, असं होतं. मी शिकलेली बाई. मान डोलावली. आणि घरी येऊन पांघरूण डोक्यावरून घेतलं तेव्हा कानात एकच वाक्य होतं. वी इस एर डोट. तिनं आधीच विचारलं होतं. माझ्या बाळाच्या शिऱ्यावर वाकून विचारलं होतं. मला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं आणि इतक्या मोठ्या देशात माझ्या ओळखीची ती एकच होती.

तीन शनिवार ती आली. बेल वाजली की मी नितीनला हातानं नको म्हणायची. पहिल्या वेळी त्यानं दाराबाहेर जाऊन तिला सांगितलं. भिंतीपलीकडून मला त्याचा आवाज ऐकू आला, मग जिन्यावर तिचे जड पाय. दुसऱ्या वेळी ती दारातूनच परत गेली. तिसऱ्या शनिवारी तिनं पायपुसण्यावर पातेलं ठेवलं. मसुराचं सूप, वर पुदिना आणि लोणी. दुःखाच्या घरात चूल पेटवू देत नाहीत, शेजारच्यांनी जेवण पोचवायचं, हे त्यांच्याकडेही आहे. मी बिछान्यात होते. दाराच्या फटीतून लोण्याचा वास येत होता. मी भुकेली होते, आणि तरी उठले नाही. नितीननं ते ओट्याशी उभ्यानं प्यायलं, पातेलं घासलं, म्हणाला, "परत देऊन येऊ का?" मी म्हटलं, "राहू दे."

त्या थंडीत आराबाशीची बारी माझी होती. ज्या बाईला मी घरी बोलावलं होतं, ती दारापर्यंत तीनदा आली होती. मी दार उघडलं नाही.

मग नोकरी लागली, भाषा आली, ईरा झाली. ईराच्या वेळी मी शिरा केला नाही. पेढे मागवले. आमच्या घरात शिरा होतच नाही. ईरानं तो फक्त मैत्रिणीच्या घरी पूजेला खाल्लेला आहे. आणि तिच्या आधी कुणी होतं, हे तिला माहीत नाही. बाजारात गेलेच तर त्या गल्लीच्या तोंडाशी मी रस्ता ओलांडायची. राग कधीचाच निवला होता. शरम तेवढी उरली होती, आणि ती दरवर्षी वाढत गेली.

गल्लीत वळले तेव्हा पहिल्यांदा वास आला. लोण्यात रवा भाजत होता. मी थांबले. मग त्या वासाच्या आतून दुसरा वास आला आणि मला वाटलं, मला भास होतो आहे. वेलची.

खानावळीचं शटर अर्धं खाली होतं. आत खुर्च्या टेबलांवर उलट्या. काचेवर कागद, जागा भाड्यानं देणे आहे. नकाशा नव्हता. त्या जागी भिंतीचा फिकट चौकोन होता आणि उजवीकडे, दोन हात लांब, काहीच नव्हतं. मागच्या शेगडीपाशी एक तरुण बाई ढवळत उभी होती. वळली, आणि त्या भुवया मी ओळखल्या.

"एलिफ."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. शेगडी बारीक केली.

"हे आमचं आहे," ती म्हणाली.

"परत द्यायला आले. आबला आहे ना? मला तिला एक गोष्ट सांगायची आहे."

"आई एप्रिलमध्ये गेली."

मी खुर्ची शोधत होते, सगळ्या उलट्या होत्या. तिनं एक काढून दिली. रवा जळेल म्हणून ती परत ढवळायला लागली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तिच्यासाठी करते आहेस?"

"नाही. तिचा तेव्हाच केला, सगळी गल्ली आली होती." तिचा हात थांबला नाही. "हा त्या बाळाचा. आई दरवर्षी करायची, घड्याळं बदलतात त्या आठवड्यात. विकायची नाही. ट्रॅमच्या थांब्यावर उभी राहून वाटून यायची. आणि वेलची फक्त ह्यातच. कुणाचं बाळ ते आम्हाला कधी सांगितलं नाही. जाताना म्हणाली, बाकी काही करू नकोस, हा तेवढा चुकवू नको." मग ती माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "तुमचं होतं का?"

मी हो म्हटलं. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

"मग तुम्हाला सांगायला हवं," एलिफ म्हणाली. "आई म्हणायची, ते माझ्या तोंडून निघालं. त्यानंतर तिनं कुणालाच तो प्रश्न विचारला नाही. खरंच कुणी गेलं असलं तरी नाही. नुसती जाऊन शेजारी बसायची."

ते ऐकलं आणि मी रडले. मी तिला सांगायला आले होते की तुझा काही दोष नव्हता. एक वाक्य. ते मला त्या पहिल्या शनिवारी दार उघडून सांगता आलं असतं. मी अकरा वर्षं एका निरपराध बाईला शिक्षा दिली, आणि ती शिक्षा तिनं माझ्याच बाळासाठी हलवा ढवळत भोगली. ती सात ट्रॅमथांब्यांवर होती.

एलिफनं लाकडी चमचा माझ्या हातात दिला. "ढवळा. आणि मनात काहीतरी म्हणा."

"मला तुमची प्रार्थना येत नाही."

"जे येतं ते म्हणा."

मला काय येत होतं? मी भिंतीवरच्या फिकट चौकोनाकडे पाहिलं आणि आबलानं शिकवलेले प्रांत ओळीनं म्हणत गेले. योझगात, सिवास, तोकात, काइसेरी, अँतेप. शेवटी, दोन हात लांब, सोलापूर. रवा तांबूस झाला. दूध ओतलं तेव्हा वाफेचा लोट वर गेला आणि आम्ही दोघीही मागे सरलो नाही.

तिनं पातेलं परत घेतलं नाही. चटणी वाडग्यात काढून घेतली, पातेलं विसळलं, त्यात हलवा भरला, वर बशी पालथी घातली, फडक्यानं गाठ मारली. "दुकान पुढच्या महिन्यात जातं. माझं घर लहान आहे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीपासून बारी तुमची."

ट्रॅमच्या थांब्यावर मी गाठ सोडली नाही. वाटायला हवं होतं, पण आधी घरी न्यायचं होतं.

नितीन बाहेर गेला होता. ईरा जेवणाच्या टेबलाशी पानं चिकटवत बसली होती. मी पातेलं टेबलावर ठेवलं तशी ती उठली आणि तिनंच गाठ सोडली, बशी उचलली. "शिरा!" ती ओरडली आणि डचमध्ये विचारलं, आपण काय साजरं करतोय? उत्तराची वाट न बघता ती चमचा घेऊन आली.

"साजरं नाही करत, ईरा," मी म्हटलं. "कुणीतरी गेलं की असा करतात. एका बाईंनी मला शिकवलं."

तिच्या हातातला चमचा पातेल्यावरच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं,

"वी इस एर डोट?"

मी तिच्याशेजारची खुर्ची ओढून बसले.

"तुझा दादा," मी म्हटलं.